दुसऱ्या बॅटरीचा स्विच

गाडीत दुसरी बॅटरी कोणती बसवायची यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. लग्न वर्षभरात मोडलं, ते सोडा. बॅटरीच्या बाबतीत तसं होऊन चालणार नव्हतं, कारण बाबांचा श्वास तिच्यावर चालणार होता.

हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. आमचा दादा ही गोष्ट दर थोड्या वेळाने विसरायचा आणि फ्रिजबद्दल बोलायला लागायचा.

गाडी दादाची. जुनी, उंच, चारही चाकांना ताकद लावणारी, दगडधोंड्यांतून जाणारी. जिथे रस्ता संपतो तिथे जायचं आणि गाडीतच झोपायचं, हे त्याचं स्वप्न. मागच्या सीट काढून त्याने दोन बाजूंना झोपायच्या फळ्या ठोकल्या होत्या. मध्ये माणूस तिरका होऊन सरकेल एवढी वाट, दाराशी छोटी शेगडी. सगळं व्हिडिओ बघून केलेलं. प्रत्यक्षात गाडी घेतल्यापासून तो भाजी आणण्यापलीकडे गेला नव्हता, आणि वहिनी त्याच्या हातात पिशवी देताना आज कोणतं जंगल म्हणून विचारायची.

मग एका दुपारी बाबा म्हणाले की त्यांना धरणावर जायचंय.

बाबा आयुष्यभर वीज खात्यात होते. वर डोंगरात एक धरण आहे, त्याच्या पायथ्याशी छोटं वीजघर होतं, शेजारी चार-पाच क्वार्टर्स. बाबांची पहिली नोकरी तिथली. आई लग्न होऊन तिथेच आली, दादा आणि मी तिथेच वाढलो. पुढे वीजघर बंद झालं, क्वार्टर्स पडल्या, खांब आणि तारासुद्धा काढून नेल्या. जिथून अख्ख्या खोऱ्यात वीज जायची तिथे आता फोन चार्ज करायचीही सोय उरली नाही.

आणि बाबांना वीज लागते. त्यांची फुप्फुसं गेली काही वर्षं कडक होत चालली आहेत. त्यांच्या पलंगाशेजारी एक मशीन असतं, हवेतला ऑक्सिजन गोळा करून नळीने नाकात सोडणारं. दिवसा ते थोडा वेळ नळी काढून बसू शकतात, दाढी करतात, आमच्यावर ओरडतात. रात्री मात्र नळी हवीच. डॉक्टरांनी हे सगळं माझ्याकडे बघून सांगितलं होतं. मी औषधांच्या दुकानात काम करते म्हणून मला वाईट बातम्या पचतात, असं त्यांना वाटतं. मी फोन करून धरणाचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, इथे एखादी रात्र मशीनशिवाय निघेलही. तिथे वर, विरळ हवेत, मशीन बंद राहिलं तर सकाळ दिसणार नाही.

मी नाही म्हटलं. वहिनीनेही नाही म्हटलं. बाबांनी दोघींचं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की ते विचारत नव्हते. दादाच्या चेहऱ्यावर मात्र असा उजेड पडला होता की त्याला नाही म्हणायला माझी जीभ उचलेना. शेवटी गाडीला जायला एक कारण मिळालं होतं. जाणार आम्ही तिघंच; रात्री बाबा आणि मी फळ्यांवर, दादा पुढच्या सीटवर.

गाडीच्या विजेची कामं करणाऱ्या मिस्त्रीला सगळे ठिणगी म्हणतात. माणूस एवढा सावकाश की त्याला ठिणगी म्हणणं ही थट्टाच वाटावी, पण नाव खरं आहे. तरुणपणी त्याने घाईत बॅटरीच्या दोन टोकांवर पाना टेकवला आणि बोटातली अंगठी लाल होईपर्यंत हात सुटला नाही. त्या बोटाला अजून कडं घातल्यासारखा डाग आहे. तेव्हापासून तो कोणत्याही बॅटरीला हात लावण्याआधी घड्याळ काढून खिळ्याला अडकवतो आणि समोरच्यालाही काढायला लावतो. मला बांगड्या काढायला लावल्या तेव्हा मी वैतागले, आणि तो बांगड्या निघेपर्यंत ढिम्म उभा राहिला.

त्याने आम्हाला समजावलं ते असं. गाडीची स्वतःची बॅटरी इंजिन चालू करण्यापुरती असते. ती रात्रभर वापरून संपवली की सकाळी गाडी म्हणजे लोखंडाचा ढिगारा. म्हणून मुक्कामाला दुसरी बॅटरी लागते. दोन्हींच्या मध्ये एक उपकरण बसतं; इंजिन चालू असताना ते दुसरीला भरतं आणि इंजिन बंद झालं की दोघींना वेगळं करतं. आता दुसरी कोणती घ्यायची ते आम्ही ठरवायचं. शिशाची घेतली तर स्वस्त, पण जड, आणि निम्मीच वापरता येते, शिवाय भरताना तिच्यातून गॅस येतो, म्हणजे माणसं झोपतात तिथे ठेवायची नाही. लिथियमची हलकी, आत फळीखाली राहील, शेवटपर्यंत सारखी ताकद देईल.

"फरक एवढाच," ठिणगी म्हणाला, "शिशाची दमत दमत जाते. दिवे मंद होतात, आपल्याला कळतं. लिथियमची जाते तेव्हा एकदम जाते."

"मग तीच घ्या," बाबा म्हणाले. "दमत दमत जाणारी नको."

दादा हसला, ठिणगीही हसला. मला हसू आलं नाही, कारण आई तशी गेली होती. दवाखान्यात काचेच्या पलीकडे, मशीनला जोडलेली, दिवसामागून दिवस. डॉक्टर रोज येऊन विचारायचे की पुढे काय करायचं, आणि आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. बाबा दादाला विचारायचे, दादा मला, मी बाबांना. आम्ही कोणी काही बोललो नाही, आणि आई दमत दमत संपली. ठिणगीला यातलं काही माहीत नव्हतं, त्यामुळे तो पुढे किमती सांगू लागला.

दादाचं म्हणणं होतं की दोन बॅटऱ्यांमध्ये एक जादा वायर आणि बटण ठेवावं. दुसरी संपलीच तर बटण दाबायचं, की मशीन इंजिनच्या बॅटरीवर चालेल. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या भावाचं बोलणं पटलं आणि मी तसं मोठ्याने म्हटलंही. बाबांनी मान हलवली. इंजिनच्या बॅटरीला कोणीही कशासाठीही हात लावायचा नाही. दोन्ही संपल्या तर गाडी डोंगरात अडकेल, मग सगळेच गेलो.

"काही झालं तरी सकाळी गाडी चालू झाली पाहिजे," ते म्हणाले. "काहीही झालं तरी."

ठिणगीने मान डोलावली. त्याच्या धंद्यात याहून शहाणपणाचं वाक्य नसेल. मला मात्र पोटात काहीतरी हललं. काय ते कळलं नाही, म्हणून मी ते भुकेवर ढकललं.

त्यानंतर मी सुचवलेल्या प्रत्येक गोष्टीवर बाबांकडे उत्तर तयार होतं, आणि उत्तर दरवेळी बरोबर असायचं. हीच खरी पंचाईत होती. मी म्हटलं की बॅटरी उतरली की भोंगा वाजेल असं काहीतरी लावा. ते म्हणाले की जरा दिवा कमी-जास्त झाला की ते बोंबलत बसेल, कोणालाच झोप लागणार नाही. हेही खरं होतं. आमच्या घरातल्या मशीनचंच घ्या. लाइट गेली की ते असं किंचाळायचं की शेजारचे खिडक्या उघडायचे. हल्ली किंचाळत नाही. बाबांनी त्याच्यातला सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातला आहे. घड्याळ बंद पडलं होतं म्हणे.

मी म्हटलं की दुकानातून ऑक्सिजनचा सिलेंडर आणते, जोडीला असू दे. ते म्हणाले की दाराशी शेगडी आहे, बंद गाडीत सिलेंडर गळला तर आपण सगळे भाजून निघू. ठिणगीने लगेच आपलं बोट वर करून दाखवलं. आता यावर काय बोलणार? शेगडी नको म्हणावं तर दादा रडायच्या बेतात. मी हात टेकले.

शेवटी राहिला मुख्य स्विच. बॅटरीतून निघालेली जाड वायर आधी या स्विचमध्ये जाते आणि मग पुढे सगळीकडे. तो बंद केला की गाडीच्या मागच्या भागातलं सगळं बंद, दिवे, पंखा, दादाचा लाडका फ्रिज, आणि मशीन. ठिणगीने दोन नमुने काढले. एक लाल प्लॅस्टिकच्या चावीचा, चावी फिरवून बाहेर काढायची. दुसरा दांड्याचा, जाडजूड, कारखान्यात असतो तसा. दांडा खाली ओढला की दोन भोकं एका रेषेत येतात आणि त्यांत कुलूप घालता येतं. बाबांनी पहिल्याकडे बघितलंच नाही. दांड्याचा हातात घेतला, वरखाली करून बघितला, कुठल्याशा जुन्या ओळखीच्या माणसाशी हात मिळवावा तसा.

"भोक कशाला हवंय?" मी विचारलं.

नातवंडं गाडीत खेळतात, खेळता खेळता काहीबाही चालू करतील, असं त्यांनी सांगितलं. पुन्हा बरोबर उत्तर.

मग जागा. ठिणगी म्हणाला की स्विच दाराशी बसवू, सगळ्यांना सापडेल. बाबा म्हणाले की त्यांच्या उशाशी हवा. म्हातारा माणूस आहे, रात्री वायरीचा वास आला तर उठून दारापर्यंत कोण जाणार. ते गाडीत चढले, दम लागला म्हणून थोडा वेळ बसले, आणि मग फळीवर उताणे झोपले. ठिणगीने स्विच त्यांच्या डोक्याशी भिंतीला धरला.

"हात पोचतो का?" त्याने विचारलं.

बाबांनी डोळे मिटले. हात वर गेला, हवेत जरा चाचपडला आणि रिकामा परत आला. थोडं खाली, ते म्हणाले. ठिणगीने खाली घेतला. हात पुन्हा गेला. आणखी जरा पुढे. असं बऱ्याच वेळा झालं. शेवटी डोळे मिटलेले असतानाच बाबांचा हात थेट दांड्यावर पडला, आणि ते म्हणाले, हां, इथे. ठिणगीने पेन्सिलीने खूण केली. बाबा त्यानंतरही थोडा वेळ तसेच पडून होते, हात दांड्यावर ठेवून, चेहरा अगदी निवांत. इतके निवांत मी त्यांना आई गेल्यानंतर बघितलं नव्हतं, आणि मला भीती वाटली.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून कुलूप काढलं.

त्या कुलपाबद्दल सांगायला हवं. वीजघरात प्रत्येक माणसाचं स्वतःचं पितळी कुलूप असायचं. कोणी तारेवर कामाला चढणार असेल तर आधी स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवून चढायचं. नियम एकच. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मग वर आभाळ कोसळो. मी लहान असताना एकदा अख्खं खोरं अंधारात होतं आणि बाबांचे मोठे साहेब गाडीतून उतरून आमच्या दारात थयथयाट करत होते. बाबा नुकतेच खाली उतरले होते, त्यांचा कामातला जोडीदार अजून वर खांबावर होता आणि कुलूप बाबांचं होतं. साहेबांनी नोकरी घालवीन म्हटलं. बाबांनी किल्ली तोंडात टाकली आणि दात आवळून उभे राहिले. आई ही हकिगत सांगताना इतकी हसायची की तिला ठसका लागायचा. आपलं कुलूप कोणी कधी दुसऱ्याला दिलं नाही. निवृत्त होताना माणसं ते घरी घेऊन यायची.

बाबा जेवणाच्या टेबलावर बसून त्या कुलपात तेल सोडत होते. किल्ली घातली, फिरवली, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. वहिनी भांडी आवरत होती, मुलं कुठल्याशा खेळण्यावरून भांडत होती. नळी नाकात, मशीन शेजारी घरघरतंय, आणि बाबा मन लावून खटका ऐकत बसलेले.

आणि मला कळलं. भूक नव्हती ती.

स्विच चालू असताना त्या भोकांत कुलूप बसत नाही. ते फक्त बंदवर बसतं. मुलांनी काही चालू करू नये म्हणून म्हणे. पण आम्ही मुक्कामाला असताना मशीन चालू हवं होतं, आणि मुलं तर बरोबर येणारच नव्हती. मग बंद स्विचला कुलूप कोणासाठी? मध्येच कोणाला जाग येऊन त्याने दांडा वर करू नये यासाठी. म्हणजे माझ्यासाठी. आता एकेक गोष्ट आपोआप जागेवर येऊन बसली. भोंगा नको, मशीनचा सेलही काढलेला, म्हणजे मला जाग येणार नाही. सिलेंडर नको, म्हणजे दुसरा उपाय राहणार नाही. दोन बॅटऱ्या अगदी वेगळ्या, म्हणजे सकाळी गाडी चालू होईल आणि दादा आणि मी खाली येऊ. दादा आणि मी. बाबांचा त्या हिशेबात कुठे पत्ताच नव्हता.

मी दादाला गच्चीवर गाठलं. बाबांच्या मनात काहीतरी आहे, एवढंच बोलू शकले. पुढचं बोललं की ते खरं होईल असं वाटलं. दादा म्हणाला, आहेच की, किती दिवसांनी माणूस खुशीत आहे. आणि त्याने मला फ्रिजच्या झाकणाबद्दल विचारलं. त्या क्षणी मी त्याला गच्चीवरून ढकललं नाही, हे आमच्या भावाबहिणीच्या प्रेमाचं उदाहरण म्हणून कोणीतरी लिहून ठेवावं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकटी ठिणगीकडे गेले. बांगड्या आधीच काढून ठेवल्या. मी विचारलं की स्विच काढूनच टाकला तर. तो म्हणाला की शेजारी ऑक्सिजन आणि फळीखाली बॅटरी, अशा ठिकाणी तो बिनस्विचचं काम करणार नाही, दुसरा मिस्त्री शोधा. मग मी विचारलं की चालू ठेवून वर कुलूप घालता येईल असा स्विच मिळतो का.

"असा कोणी बनवत नाही, ताई," तो म्हणाला. "बंद करायला कधी कोणाची अडवणूक होता कामा नये. म्हणून कुलूप बंदवरच."

मग मी म्हटलं की तो समोरच्या फळीवर हलवा, माझ्या उशाशी. त्याने कुरकुर केली. जाड वायर लांबवावी लागेल, पॅनेलला भोक पडलं आहे त्यावर पत्रा मारावा लागेल. शिवाय बाबांनी एवढं डोळे मिटून जागा ठरवली होती. त्यांना विचारलंत का, त्याने माझ्याकडे न बघता विचारलं. मी म्हटलं की त्यांनीच पाठवलंय. त्याने घड्याळ खिळ्याला अडकवलं आणि मला फळीवर आडवं व्हायला सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, गाडी घरासमोर उभी करून दादाने सगळ्याची चाचणी ठेवली. मशीन आत चढवून दोन फळ्यांच्या मध्ये बांधलं. ते चालू झालं, दिवे लागले, फ्रिज लागला. फ्रिज लागला म्हणून दादा वहिनीला बोलवायला आत गेला. बाबा नळी लावून आपल्या फळीवर आडवे झाले. मी समोरच्या फळीवर बसले आणि बघत राहिले.

त्यांनी डोळे मिटले आणि हात वर केला. हात बरोबर त्या जागी गेला आणि पत्र्यावर थांबला. चार स्क्रू होते. बोटं एकेका स्क्रूवरून फिरली आणि परत आली. मग त्यांनी डोळे उघडले.

"कुठे गेला?"

"माझ्या उशाशी."

त्यांनी मान वळवून माझ्या उशाकडे बघितलं. मशीन घरघरत होतं. मला वाटलं होतं की ते चिडतील, आणि चिडले असते तर बरं झालं असतं, माझ्याकडे भांडण तयार होतं.

"ठिणगीला काय सांगितलंस?"

"तुम्ही पाठवलंय म्हणून."

"खोटं बोललीस."

"आणि तुम्ही? नातवंडं खेळतात म्हणे."

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू आलं, चोरी पकडली गेल्यावर लहान मुलाच्या येतं तसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं की आम्हाला शेजारी झोपवायचं, आम्ही जागे होणार नाही याची सोय करायची, आणि वर सकाळी गाडी लागेल याचीही. ही कुठली माया? सकाळी मी उठून काय बघायचं होतं, ते कुलूप? मला रडू येत होतं आणि रडताना माझा आवाज फाटतो, म्हणून मी दाराकडे बघून बोलत राहिले.

त्यांनी मला बोलू दिलं. मग नळी नीट केली.

"तुझ्या आईच्या वेळी मी तुम्हा दोघांना रोज विचारायचो," ते म्हणाले. "तो एवढासा स्विच होता, भिंतीवर. आपल्यापैकी कोणाचाच हात तिथपर्यंत पोचला नाही. माझ्या वेळी तुम्हाला कोणी विचारू नये, एवढंच मी बघत होतो."

 मी तरीही अटी घातल्या. भोंगा बसणार. सिलेंडर येणार आणि माझ्या पायाशी राहणार, शेगडी दादाने डोक्यावर घेऊन यावी. दोन बॅटऱ्यांमध्ये वायर टाकायची. मशीनचा सेल घड्याळातून काढून जागच्या जागी घालायचा, घड्याळ बंद पडलं तर पडलं. बाबा प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेले. माझ्या आठवणीत ते एवढे हो कधीच म्हणाले नव्हते. मी जिंकत होते आणि जिंकण्याच्या नादात मला ते खटकलंच नाही.

"आणि कुलूप द्या," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून काढलं. किल्ली दोऱ्याने त्यालाच बांधलेली होती. ज्याने साहेबांना दिलं नाही, त्याने ते माझ्या तळहातावर ठेवलं. खिशातल्या उबेने ते कोमट झालं होतं. मी मूठ बंद केली आणि मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्या पायावरची चादर उगाच सारखी केली.

"जरा आडवी हो बघू," बाबा म्हणाले.

मला वाटलं फळीची लांबी बघायची असेल. मी आडवी झाले. आमच्या दोघांच्या मध्ये ते मशीन होतं आणि त्यांचा आवाज त्याच्यावरून येत होता.

"डोळे मीट."

मी मिटले.

"हात पोचतो का बघ."

मी हात वर केला. शोधावं लागलं नाही. दांडा सरळ माझ्या मुठीत आला, ठिणगीने चोख काम केलं होतं. आणि तेव्हा मला कळलं की मी काय हलवून घेतलंय.

"पोचला?"

"पोचतो," मी म्हटलं.

त्यांनी एक मोठा श्वास घेतला, त्यांना जमेल तेवढा मोठा, आणि सोडला.

"बरं झालं. माझी एक काळजी मिटली. वर गेल्यावर मला फार जड झालं तर मी तुला हाक मारीन. तेव्हा दादाला उठवू नकोस, त्याला जमणार नाही."

मी डोळे उघडले नाहीत. बाहेरून दादा आणि वहिनीचा आवाज जवळ येत होता. दादाने खिडकीवर टकटक करून विचारलं की सगळं जमलं का. बाबांनी हो म्हणून सांगितलं. माझा हात अजून दांड्यावरच होता.